वैमानिकांची टंचाई आहे, पण कोणत्या वैमानिकांची?

पत्राचा सारांश: पत्र फोंडा तालुक्यातल्या एका २० वर्षांच्या मुलीचं आहे. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही होतं. वैमानिक व्हायचं हे तिने शाळेत असतानाच ठरवलं होतं. पणजीतल्या एका हॉटेलात झालेल्या माहितीसत्रात एका फ्लाइंग स्कूलच्या प्रतिनिधीने सांगितलं की देशात वैमानिकांची टंचाई आहे, १८ महिन्यांत परवाना मिळतो, मागोमाग नोकरी. खर्च ५८ लाख. महिनाअखेरीस ५ लाख भरले तर जागा पक्की. वडील पुढच्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त होतात. निवृत्तीचे १८ लाख घालून उरलेल्या ४० लाखांसाठी घर गहाण ठेवायची त्यांची तयारी आहे. धाकटा भाऊ दहावीत आहे. आई या विषयावर गप्प आहे. मुलीला उणे अडीचचा चष्मा आहे. ती विचारते, "आता गेले नाही तर वय निघून जाईल का? आणि एवढे पैसे घालून नोकरी मिळाली नाही तर?"

वयाचा प्रश्न आधी मिटवू, कारण तो सोपा आहे. व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि एअरलाइनचा वैमानिक ६५ वर्षांपर्यंत उडू शकतो. तू २० वर्षांची आहेस. बीएस्सी संपवून निघालीस तरी २१ची असशील. त्यामुळे पत्रात जी घाई जाणवते ती तुझ्या वयाची नाही, जागा विकणाऱ्याच्या महिनाअखेरीची आहे. ते ५ लाख आत्ता भरू नकोस. पुढचं सगळं वाचल्यावरही तिथेच जावंसं वाटलं तर जागा मिळेल. पैसे घेऊन येणाऱ्याला जागा नाही म्हणणारी शाळा विरळाच.

आता टंचाईबद्दल. बातमी खोटी नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिक कमी पडतात हे साऱ्या देशाने पाहिलं. पण विमानात दोन खुर्च्या असतात. चणचण जास्त आहे ती डावीकडच्या खुर्चीची, म्हणजे कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल परवाना लागतो, त्याला किमान १५०० तासांचं उड्डाण, आणि प्रत्यक्षात एअरलाइन्स त्याहून कितीतरी जास्त अनुभव मागतात. तू शाळेतून बाहेर पडशील ती २०० तासांची वैमानिक म्हणून. एकट्या २०२३ या वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १६०० हून अधिक सीपीएल दिले. ती सगळी मुलं उजवीकडच्या खुर्चीच्या रांगेत असतात, आणि त्यांच्या पुढे आधीच्या वर्षांचे थांबलेले असतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती माहितीसत्रात कोणी सांगत नाही. नवख्या वैमानिकाला एअरलाइनने घेतलं तरी त्याला त्या जातीच्या विमानाचं शिक्षण सिम्युलेटरवर द्यावं लागतं, मग प्रवासी विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसवून तयार करावं लागतं. प्रशिक्षक कॅप्टन मोजके, सिम्युलेटरचे तासही मोजके. म्हणजे कॅप्टनची टंचाई वाढली की नवख्यांची भरती वाढतेच असं नाही, उलट कधीकधी तीच तिला खीळ घालते. "टंचाई आहे" आणि "मला नोकरी आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत.

शिवाय हा दरवाजा अधूनमधून अचानक बंद होतो. ऑक्टोबर २०१२मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज, मार्च २०२०मध्ये कोविडने सगळंच, आणि मे २०२३मध्ये गो फर्स्ट. कंपनी बंद पडली की हजारो तासांचे वैमानिक बाजारात येतात आणि २०० तासवाल्यांची रांग मागे सरकते. गोव्याला हे वेगळं समजवायला नको. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. खनिजाचा धंदा वाईट नव्हता. ज्यांनी थांबण्याचे पैसे बाजूला ठेवले नव्हते त्यांचं वाईट झालं.

तुझ्या घरच्या हिशेबात मला खटकलं ते हेच. हिशेब परवान्यापाशी संपतो, खर्च मात्र तिथे संपत नाही.

५८ लाखांचा आकडा अवाजवी नाही. देशातल्या शाळांचे आकडे साधारण ४५ ते ६५ लाखांच्या घरात ऐकू येतात. पण त्यात काय आहे ते लिहून घे. वसतिगृह, जेवण, परीक्षांची फी, परीक्षकाची फी, दोन इंजिनांच्या विमानावरचे तास, गणवेश, आणि मुख्य म्हणजे २०० च्या वरचे तास. पावसाने किंवा विमान दुरुस्तीला गेल्याने दोन महिन्यांचा खंड पडला की हात पुन्हा बसवायला जादा तास लागतात. ते तुझ्या खिशातून जातात. वरखर्चाला ६ ते ८ लाख धरून चाल. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे ए-३२० किंवा तत्सम विमान चालवण्याचं वेगळं शिक्षण. त्याला १५ ते २५ लाख लागतात. काही कंपन्या ते स्वतः करवून घेतात आणि बाँड लिहून घेतात, काही तुझ्याकडून पैसे घेतात. नोकरीचं पत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नकोस. तू ए-३२० करून बसशील आणि भरती निघेल ती एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानाची. आणि नुसतं करून ठेवलेलं रेटिंग वापरात नसेल तर शिळं होतं.

परवाना मिळाल्यानंतरची प्रतीक्षाही फुकट नसते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडता येतं का याची, चाचणी दरवर्षी द्यावी लागते आणि त्यासाठी विमान किंवा सिम्युलेटर भाड्याने घ्यावा लागतो. क्लास १ वैद्यकीय, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची आरोग्य तपासणी, दरवर्षी. एअरलाइनची लेखी परीक्षा, संगणकावरची क्षमता चाचणी, सिम्युलेटर चाचणी, मुलाखत, या सगळ्यांची तयारी वेगळी. या काळात कर्ज काय करतं ते पाहू.

समज, ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज १०.५ टक्क्यांनी घेतलं. रक्कम दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने उचलली. बँका साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष इतकी सवलत देतात. त्या काळात हप्ता नाही, पण व्याज चढतं. पहिल्या दोन वर्षांत सरासरी २० लाखांवर, तिसऱ्या वर्षी पूर्ण ४० लाखांवर. एकूण व्याज सुमारे ८ लाख ४० हजार. ते मुद्दलात मिळालं की १० वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता ६५ हजारांवर जातो. तोच व्याज आल्या-आल्या भरत गेलीस तर ५४ हजारांवर राहतो. नोकरी लागो न लागो, हप्ता त्या तारखेला सुरू होतो. तेव्हा बाबा पेन्शनवर असतील आणि भाऊ बारावी संपवून कॉलेजात जात असेल.

बाबा म्हणतात तसं घर गहाण ठेवून तारण कर्ज घेतलं तर गोष्ट आणखी कडक होते. त्या कर्जाला विद्यार्थ्याची सवलत नसते. हप्ता बहुधा पैसे हातात पडल्यावरच सुरू होतो. शैक्षणिक कर्जालाही एवढ्या रकमेसाठी बँक घर तारण म्हणून मागेलच, पण कर्जाचा प्रकार शैक्षणिक असला तर फेडीला उसंत मिळते आणि जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते. बँकेत गेल्यावर "घरावर कर्ज" म्हणू नका, "घराच्या तारणावर शैक्षणिक कर्ज" म्हणा, आणि शाळा डीजीसीएमान्य असल्याचं पत्र सोबत न्या. बाबा नोकरीत असतानाच्या पगारावर मंजुरी घेतली तरी हप्ते पेन्शनमधून जाणार आहेत, म्हणून हिशेब पेन्शनवर मांडा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी कर्ज योजनेचीही चौकशी करा. वैमानिक प्रशिक्षणाच्या रकमेपुढे ते पैसे थोडे असतात, पण जेवढे बिनव्याजी मिळतील तेवढे बरेच.

माझं मत सरळ आहे: परवान्यानंतरच्या किमान दोन वर्षांचं व्याज आणि परवाना जिवंत ठेवण्याचा खर्च आधीच बाजूला काढता येत नसेल, तर सुरुवात करू नये. तुमच्या आकड्यांत ते आज बसत नाही. पण आज सुरुवात न करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. कारण या वाटेवरचे पहिले दोन टप्पे स्वस्त आहेत, आणि बहुतेक मुलं नेमके तेच मागाहून करतात.

पहिला टप्पा वैद्यकीय. आधी क्लास २, मग क्लास १. क्लास २ डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे होते. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. क्लास १ साठी नेमलेले तज्ज्ञ डॉक्टर आणि हवाई दलाची बंगळुरू, दिल्लीसारखी केंद्रं आहेत. दोन्ही मिळून खर्च हजारांत, लाखांत नाही. चष्म्याची भीती काढून टाक, चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर तो चालतो. रंग ओळखण्याची चाचणी मात्र महत्त्वाची, आणि तिथला दोष चष्म्याने जात नाही. ती तर उद्याही गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा पाट्यांवर करून घेता येईल. चष्मा घालवायचा म्हणून लेझर शस्त्रक्रिया करायला धावू नकोस. त्यानंतर ठरावीक काळ थांबावं लागतं आणि नसती गुंतागुंत होते. मुली तात्पुरत्या "अनफिट" ठरतात त्यात कमी हिमोग्लोबिन हे नेहमीचं कारण. सोनोग्राफीत मूतखडा दिसणं, कानात मळ असल्याने श्रवणचाचणी बिघडणं, त्या दिवशी धास्तीने रक्तदाब वर जाणं, हेही होतं. म्हणून दोन महिने आधी साध्या लॅबमध्ये रक्त तपासून घे. तात्पुरतं अनफिट म्हणजे दुरुस्त करून पुन्हा जा. कायमचं अनफिट ठरवलं तर अपील असतं. पण तसं व्हायचंच असेल तर ते ५८ लाख भरण्याआधी कळलेलं बरं.

दुसरा टप्पा लेखी परीक्षा. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि दोन तांत्रिक विषय. प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओ टेलिफोनीचा आरटीआर परवाना वेगळा. हे सगळं उडायला लागण्याआधी देता येतं. त्यासाठी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्याला पर्वरीच्या गोवा बोर्डाकडून बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी लागते. तो अर्ज आधी टाक, त्यात आठवडे जातात. गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का पाहा. वडिलांचं नाव एकीकडे मधे, दुसरीकडे गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो आणि तो तिथे अडकतो.

ही दोन्ही कामं बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षासोबत होतात. पेपर सुटले नाहीत तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते स्वस्तात मिळालं. बीएस्सी हातची जाऊ देऊ नकोस. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी झाली की विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीला बसता येतं. ती नोकरी दुय्यम म्हणून सांगत नाही. मोपा किंवा दाबोळीच्या आकाशात रोज जे चालतं त्याच्याशी तिचा संबंध वैमानिकाइतकाच जवळचा आहे, आणि त्या पगारातून पुढे उड्डाणाचे पैसे साठवणारेही असतात.

मग शाळा. १८ महिन्यांचं वचन तपासायचा एक साधा हिशेब आहे, तो कागदावर कर. शाळेकडे सहा विमानं आहेत असं समज. त्यातली एक-दोन नेहमी देखभालीत, म्हणून उडणारी चार. प्रत्येक विमान दिवसाला पाच तास उडलं आणि महिन्यात २० दिवस हवामान बरं मिळालं तर महिन्याला ४०० तास. विद्यार्थी ६० असतील तर एकाच्या वाट्याला सात तासही येत नाहीत. २०० तासांना ३० महिने लागतात. विमानं सात उडत असतील किंवा विद्यार्थी ३६ असतील तरच १८ महिने जमतात. म्हणून माहितीपत्रकातली विमानं मोजू नकोस. आज उडू शकणारी किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, हे विचार. मागच्या तुकडीतल्या तिघांना त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या उड्डाणाची तारीख विचार; प्रतिनिधीने निवडून दिलेल्या तिघांना नव्हे, तू वसतिगृहात जाऊन गाठलेल्यांना.

आणि हे घरात बसून फोनवर नको. गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या सांबरा विमानतळावर प्रशिक्षण चालतं. बारामती, धुळे, गोंदिया ही महाराष्ट्रातली ठिकाणं. अमेठीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी केंद्र सरकारची आहे आणि तिथे प्रवेश परीक्षेतून होतो. पाऊस कुठे किती पडतो हेही बघ. घाटाला लागून असलेल्या ठिकाणी जून ते सप्टेंबर बरेच दिवस जमिनीवर जातात. डीजीसीए २०२५पासून शाळांची क्रमवारीही लावते, ती पाहूनच शाळांची यादी कर. पैसे एकरकमी कधीच भरू नकोस. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते, आणि मधेच सोडलं तर उरलेली रक्कम किती दिवसांत परत, हे करारात हवं. करार दाखवायला खळखळ करणाऱ्या शाळेतून त्याच दिवशी उठून ये.

परदेशी शाळांचं म्हणशील तर तिथे तास भराभर होतात, पण परत आल्यावर भारतीय परवान्यात रूपांतर करावं लागतं: इथल्या लेखी परीक्षा, इथलं वैद्यकीय, उड्डाण चाचणी. त्याला महिने आणि लाखो रुपये वेगळे धर. एअरलाइन्सच्या कॅडेट योजना एक कोटीच्या आसपास किंवा वर जातात. टाइप रेटिंग त्यात असतं आणि नोकरीची अटींवर हमीही. ती अट शब्दन् शब्द वाच. "कंपनीच्या गरजेनुसार" असं कुठे लिहिलं असेल तर रांग तिथेही आहे.

तासांबाबत एक कडक गोष्ट. २०० तासांत किमान १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्यावर असताना, २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यात ३०० सागरी मैलांचं एक उड्डाण, १० तास इन्स्ट्रुमेंट, ५ तास रात्रीचे, असं ठरलेलं आहे. काही ठिकाणी न उडलेले तास लॉगबुकात लिहून "लवकर संपवून" देतात. ते कधीही स्वीकारू नकोस, आग्रह झाला तरी. २०११च्या जानेवारीत गोव्यात उतरताना एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं. त्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली आणि अटका झाल्या. खोटा कागद वर्षांनीही सापडतो. आणि सापडला नाही तरी रात्री पावसात विमान उतरवताना तो उपयोगी पडत नाही.

राहिलं घर. बाबा गहाण ठेवायला तयार आहेत असं तू लिहितेस, पण गोव्यात हे एकट्या बाबांच्या हातात नाही. इथल्या समान मालमत्तेच्या कायद्यात नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. बँक आईची सही मागेल. ती गप्प आहे, आणि तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. वैद्यकीयचा निकाल हातात आला की हे सगळे आकडे, विशेषतः ६५ हजारांचा तो हप्ता, तिच्यासमोर ठेव आणि तिला विचार. घर आजोबांच्या नावावर राहिलेलं असेल तर त्याआधी फॉर्म १ आणि १४ चा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढून बघा, नावं कोणाकोणाची आहेत ती. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नसेल तर काका-आत्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतील, आणि ते काम महिनाअखेरीत होणारं नाही.